तुम्ही विचारलंत म्हणून : जुनं तापमान नंतर कसं बदलतं?

आकड्यांचं काम करणाऱ्या माणसाकडे लोक दोन शंका घेऊन येतात. एक निवडणुकीच्या अंदाजांची. ती मी टाळते. दुसरी हवामानाची, आणि तिच्यापासून मात्र सुटका नाही. ती साधारण अशी असते : "१९३६ सालचं तापमान १९३६ सालीच मोजून झालं ना? मग ते आज कसं बदलतं? आणि बदलणारेही तेच, तापमान वाढलं म्हणून सांगणारेही तेच. यात काही काळंबेरं नाही, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता?"

प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याला वेड्यात काढून मोकळं व्हायची एक रीत पडली आहे, ती मला पटत नाही. जुने आकडे बदलतात हे खरंच आहे. मूळ नोंदी ठेवलेल्या असतात, दुरुस्तीची पद्धत छापलेली असते, कुणालाही दोन्ही ताडून पाहता येतात, पण आकडे बदलतात. म्हणून पुढचं जरा सविस्तर.

सुरुवात अमेरिकेपासून करू, कारण निम्मं भांडण तिथलंच आहे. १९३० च्या दशकात तिथे दुष्काळ, धुळीची वादळं आणि भयंकर उन्हाळे झाले. १९३६ च्या जुलैमधली उष्णतेची लाट तर अशी होती की कित्येक राज्यांचे कमाल तापमानाचे विक्रम आजही त्याच वर्षाच्या नावावर आहेत. हे कुणी नाकारत नाही. आक्षेप वेगळा आहे. मूळ नोंदींचा आलेख काढला की ती वर्षं उंच दिसतात, दुरुस्त आलेखात ती खाली बसतात आणि अलीकडची वर्षं वर येतात. आता हे पाहून कुणाला संशय आला तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण नोंद घेतली कशी जायची ते बघा. अमेरिकेत १८९० पासून हे काम प्रामुख्याने स्वयंसेवक करत आले. पेटीत दोन तापमापक. एक दिवसातलं कमाल तापमान दाखवून तिथेच अडकून राहतो, दुसरा किमान. माणसाने दिवसातून एकदा यायचं, दोन्ही वाचायचे, वहीत लिहायचे आणि तापमापक पुन्हा मोकळे करायचे. समजा सोमवारी दुपारी पारा ३८ वर गेला. संध्याकाळी पाचला आपला माणूस येतो, ३८ लिहितो, तापमापक मोकळा करतो. पण पाच वाजता हवा अजून ३७ अंशांवर आहे, म्हणून मोकळा केलेला पारा ३७ वरच येऊन थांबतो. रात्री वादळ होतं. मंगळवारी दिवसभर हवा ३० च्या वर जात नाही. मंगळवारी संध्याकाळी तो पुन्हा येतो तेव्हा कमाल तापमान काय दिसेल? ३७. सोमवारची एक गरम दुपार दोन दिवसांच्या नावावर चढली. माणूस प्रामाणिक, तापमापक धड, वही स्वच्छ, आणि आकडा चुकलेला.

हेच वाचन सकाळी सातला घेतलं तर उलटं होतं. कडक थंडीची पहाट दोनदा मोजली जाते. आता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक स्वयंसेवक संध्याकाळी वाचन करायचे. पुढे पावसाची मोजणी सकाळी करणं बरं, दिवसा पाणी वाफ होऊन जातं, म्हणून हळूहळू एकेक केंद्र सकाळवर आलं. म्हणजे आधी उष्णता दोनदा मोजणारी व्यवस्था काही दशकांत थंडी दोनदा मोजणारी झाली. हवा जशीच्या तशी राहिली असती तरी कागदावर देश थंड होत गेला असता. हवामानशास्त्रज्ञ थॉमस कार्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली यावरच्या दुरुस्तीची रीत मांडली, तीही तासातासाच्या नोंदी असलेल्या केंद्रांवर ताडून. हे तपासायला संस्था लागत नाही. कुठल्याही केंद्राच्या ताशी नोंदी घ्या, पाच वाजता वाचणारा आणि सात वाजता वाचणारा असे दोन काल्पनिक माणसं उभे करा आणि त्यांच्या सरासऱ्या ताडून बघा. मी केलं आहे. महिन्याच्या सरासरीत सहज दिसण्याइतका फरक पडतो.

त्यात १९८० च्या दशकात काचेचे तापमापक जाऊन इलेक्ट्रॉनिक आले, आणि ते कमाल तापमान आधीच्यापेक्षा थोडं कमी दाखवत. म्हणजे दोन्ही चुका एकाच बाजूला ओढणाऱ्या. त्यामुळे अमेरिकेपुरतं बोलायचं तर दुरुस्त्यांनी तापमानवाढ मूळ नोंदींपेक्षा जास्त दिसते, आणि बरीच जास्त दिसते. हे मी मुद्दाम ठळक सांगते, कारण माझ्याच बाजूचे काही वक्ते हे वाक्य गिळून टाकतात. मग ते समोरच्याला दुसरीकडून कळतं, आणि एकदा असं कळलं की पुढचं काहीही त्याला पटत नाही.

मग दुरुस्ती बरोबर आहे हे कशावरून? २००५ पासून अमेरिकेत एक नवं जाळं उभं आहे : वस्तीपासून दूर निवडलेल्या जागा, प्रत्येक केंद्रावर तीन-तीन तापमापक, दुरुस्ती करायची गरजच पडू नये अशी मांडणी. तेव्हापासूनचे या जाळ्याचे आकडे आणि जुन्या जाळ्याचे दुरुस्त केलेले आकडे जवळपास एकावर एक बसतात. अँथनी वॉट्स या हवामान निवेदकाने २००७ पासून स्वयंसेवकांकरवी जुन्या केंद्रांचे फोटो जमवले. कुठे तापमापकाशेजारी वातानुकूलन यंत्राचा गरम झोत, कुठे डांबरी वाहनतळ. फोटो खरे होते आणि ते काम उपयोगी होतं. २०११ साली त्यावर जो शोधनिबंध आला त्यात वॉट्सही सहलेखक होते. निष्कर्ष असा की वाईट जागांमुळे किमान तापमानाची वाढ फुगते, कमाल तापमानाची दबते, आणि सरासरीचा कल जवळपास तोच राहतो. फोटो जगभर फिरले. निबंधाच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर लोक म्हणतात, "ठीक, पण शेवटी दुरुस्त्यांनी वाढच दिसते ना?" अमेरिकेत, हो. जगात, नाही. पृथ्वीचा ७० टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि खरी मोठी दुरुस्ती तिथली आहे. पूर्वी जहाजावरून दोरीला बांधून बादली सोडायची, पाणी वर ओढायचं आणि त्यात तापमापक बुडवायचा. बादली कॅनव्हासची असली की ओल्या कापडातून पाणी वाफ होत राहतं आणि डेकवरच्या वाऱ्यात दोन-चार मिनिटांतच बादलीतलं पाणी गार होतं. म्हणजे नोंद खऱ्या समुद्रापेक्षा थंड. पुढे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहू लागले. ते इंजिनाच्या खोलीच्या उबेमुळे थोडं गरम. बादलीकडून इंजिनाकडे हा बदल झाला तसा समुद्र कागदावर फुकटचाच तापला. ते फुकटचं तापणं काढून टाकायला जुने आकडे वर उचलावे लागतात. परिणाम असा की जमीन आणि समुद्र एकत्र धरले तर दुरुस्त्यांनंतर शतकभराची तापमानवाढ कमी होते. "मूळ आकडेच ठेवा, हात लावू नका" म्हणणाऱ्याचं ऐकलं तर जग आजच्या आलेखापेक्षा जास्त तापलेलं दाखवावं लागेल. एवढी एक गोष्ट लोकांना माहीत असती तर निम्मी भांडणं सुरूच झाली नसती, असं मला अनेकदा वाटतं.

संशय घेणारे नेहमीच चुकतात असंही नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातले ब्लॉगलेखक स्टीव्ह मॅकिन्टायर यांनी नासाच्या अमेरिकेपुरत्या आकड्यांत एक खरी चूक पकडली. २००० सालच्या सुमारास दोन वेगवेगळ्या स्रोतांच्या मालिका जोडताना सांधा चुकला होता. नासाने ती मान्य करून सुधारली. अमेरिकेतलं सर्वांत गरम वर्ष १९९८ की १९३४, यात १९३४ किंचित पुढे गेलं. किंचित म्हणजे अंशाचा दोन-शतांश. जगाच्या सरासरीत तो बदल हजाराव्या भागात शोधावा लागला. तरी त्या आठवड्यात "जगातलं सर्वांत गरम वर्ष १९३४" अशी हाकाटी झाली. चूक पकडणाऱ्याने असा दावा केला नव्हता. एका देशाची यादी जगाची म्हणून खपली, आणि हा देश, अलास्का आणि हवाई सोडून, पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी आहे.

उलट्या बाजूचं एक उदाहरण मला फार आवडतं. लिबियातलं अल अझीझिया. १३ सप्टेंबर १९२२ रोजी तिथे ५८ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि पुढची ९० वर्षं जगातलं सर्वांत जास्त तापमान म्हणून ती पाठ्यपुस्तकांत राहिली. जागतिक हवामान संघटनेच्या समितीने जुनी वही काढून पाहिली. तापमापक जुन्या पद्धतीचा होता, त्यात पाऱ्याबरोबर सरकणारा छोटा निर्देशक. त्याचं खालचं टोक वाचायचं असतं. नोंद घेणारा माणूस नवखा होता आणि बहुधा वरचं टोक वाचत होता. शिवाय आसपासच्या केंद्रांशी हे तापमान जुळत नव्हतं. २०१२ साली विक्रम रद्द झाला आणि कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या १० जुलै १९१३ च्या ५६.७ अंशांकडे मान गेला. त्या आकड्यावरही शंका घेणारे अभ्यासक आहेतच. ९० वर्षांपूर्वीचा आकडा समितीने खोडला, पण त्या वेळी कटाची आरोळी कुणी ठोकली नाही.

आता दुसरी शंका, जी पहिलीच्या शेपटाला बांधूनच येते : "आमच्याकडे तर एवढं काही तापलं नाही. मग जग तापलं म्हणजे नक्की कुठे?" जग सगळीकडे सारखं तापत नाही. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. ग्रीनलंडच्या दक्षिणेला अटलांटिकचा एक पट्टा मात्र असा आहे की शतकभराच्या नकाशात तो थंड झालेला दिसतो. कुणी तो पट्टा दाखवून सगळंच खोटं ठरवतो, कुणी ध्रुवाकडचा आकडा सगळ्या जगाचा म्हणून सांगतो. दोघांचेही आकडे खरे असतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. अशा वेळी मी समोरच्याला एकच विचारते : ही जागा तुम्ही आधी निवडली होती की आलेख पाहिल्यावर?

जागा निवडण्याचा हा प्रश्न संस्थांनाही सुटलेला नाही. १९९८ नंतर तापमानवाढ थांबली, असा वाद एका दशकभर गाजला. ब्रिटनच्या आकडेवारीत ती खरंच मंदावलेली दिसायची. त्या आकडेवारीत ध्रुवाजवळचे मोठे भाग कोरेच होते, कारण तिथे केंद्रं नव्हती. वर्गाची सरासरी काढताना गैरहजर मुलांना सोडून दिलं, तर न बोलता आपण त्यांना सरासरीएवढेच गुण देऊन टाकतो. इथे गैरहजर होता तो नेमका सर्वांत वेगाने तापणारा भाग. केविन काउटन आणि रॉबर्ट वे यांनी २०१३ साली आसपासची केंद्रं आणि उपग्रह यांच्या मदतीने ते कोरे भाग भरून दाखवले, आणि मंदावलेला वेग बराचसा भरून निघाला. काउटन मुळात स्फटिकांच्या रचनेवर काम करणारे. बाहेरच्या माणसाला या क्षेत्रात कुणी विचारत नाही, ही तक्रार करणाऱ्यांना मी हे नाव सांगते.

जुन्या, तापमापकाच्याही आधीच्या काळाबद्दल भांडण तर याहून जोरात. "हजार वर्षांपूर्वी ग्रीनलंडमध्ये लोक शेती करत होते, तेव्हा मोटारी होत्या का?" नव्हत्या. इ.स. ९८५ च्या सुमारास नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेले लोक तिथे वसले आणि तो काळ तिथे बरा उबदार होता. हा युक्तिवाद करणारे सहसा एक आलेख दाखवतात : ग्रीनलंडच्या मध्यावर खोल छिद्र पाडून वर काढलेल्या बर्फाच्या नळकांड्यावरून काढलेलं गेल्या दहा हजार वर्षांचं तापमान, त्यात मध्ययुगाचा उंचवटा आणि उजव्या टोकाला "आज" खाली. हा आलेख तुमच्या हाती आला तर सरळ उजव्या टोकाकडे जा. पुराहवामानशास्त्रात, म्हणजे फार जुन्या हवामानाच्या अभ्यासात, वर्षं १९५० पासून मागे मोजतात, आणि या मालिकेचा शेवटचा बिंदू त्याच्याही ९५ वर्षं मागे, म्हणजे १८५५ चा आहे. मोटारीसुद्धा नव्हत्या तेव्हाचा. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत जे झालं ते त्या आलेखात नाहीच. शिवाय हे तीन हजार मीटरपेक्षा उंच बर्फाच्या माथ्यावरचं एकच ठिकाण. बर्फ काढणाऱ्या शास्त्रज्ञांनी कुठलीही लबाडी केलेली नाही. लबाडी झाली असेल तर उजव्या टोकाला "आज" लिहिणाऱ्याने केली.

आणि मध्ययुगाचा उबदार काळ जगभर एकाच वेळी होता का? झाडांची वलयं, प्रवाळ, तळ्यांतला गाळ, बर्फ अशा शेकडो मालिका एकत्र करून २०१९ साली एक अभ्यास आला. त्यात दिसलं की गेल्या दोन हजार वर्षांतली थंडीची टोकंसुद्धा वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या शतकांत पडली : मध्य आणि पूर्व प्रशांत महासागरात पंधराव्या शतकात, वायव्य युरोपात सतराव्यात, इतर बऱ्याच भागांत एकोणिसाव्याच्या मध्यावर. उबेचंही तसंच. फक्त एक काळ असा निघाला की ज्यात पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून जास्त भागाने आपला सर्वांत उबदार टप्पा एकत्रच गाठला, आणि तो विसाव्या शतकातला आहे. म्हणजे ग्रीनलंडचे शेतकरी खरे होते, पण त्यांची ऊब त्यांच्या भागापुरती होती.

२००९ साली ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान संशोधकांचे ईमेल फुटले, त्याबद्दलही विचारतात; त्यावर थोडक्यात. त्यातल्या एका ईमेलमध्ये "घसरण लपवण्या"ची भाषा होती, पण ती कुप्रसिद्ध "घसरण" तापमापकांतली नव्हती. उत्तरेकडच्या काही झाडांची वलयं १९६० नंतर तापमानाशी जुळेनाशी झाली होती, ती घसरण. हे जुळेनासं होणं शोधनिबंधांत आधीच छापून आलं होतं. पण जागतिक हवामान संघटनेच्या १९९९ च्या एका अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या आलेखात ते स्पष्ट न सांगता वलयांच्या मालिकेला तापमापकांची मालिका जोडून दिली गेली, आणि चौकशी समितीनेही तो आलेख दिशाभूल करणारा ठरवला. मलाही तो तसाच वाटतो.

खरा वाद आता कुठे आहे ते सांगते, कारण तो कुणी विचारत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर अटलांटिक झपाट्याने तापला आणि उत्तर प्रशांत महासागर मात्र मागे राहिला, असं बरीच वर्षं दिसत होतं. दोन महासागरांत एवढा फरक का, यावर वारे आणि प्रवाह यांची स्पष्टीकरणं द्यायचे प्रयत्नही झाले. २०१९ साली दुओ चान, पीटर ह्यूबर्स आणि सहकाऱ्यांनी जहाजांच्या नोंदी देशवार आणि गठ्ठेवार वेगळ्या केल्या आणि जवळून गेलेल्या जहाजांच्या जोड्या लावून बघितल्या. १९३० च्या दशकातल्या जपानी जहाजांच्या एका मोठ्या गठ्ठ्यात पाणी सातत्याने थंड निघत होतं. कारण सापडलं ते कारकुनी : नोंदी पुढे संगणकासाठी उतरवताना दशांश चिन्हानंतरचा आकडा गाळला गेला होता. २३.९ चे २३, १८.४ चे १८. आकडा जवळच्या पूर्णांकाला नेला असता तर चुका एकमेकींत जिरल्या असत्या. इथे प्रत्येक वेळी खालीच. सरासरी जवळजवळ अर्धा अंश गायब. अटलांटिकमधल्या जर्मन जहाजांच्या नोंदी उलट जरा गरम होत्या. दोन्ही सुधारल्यावर दोन्ही महासागर बरेचसे सारखेच तापले होते असं दिसलं.

त्याच्याही मागे, साधारण १९०० ते १९३० या काळातला समुद्र आपल्या आलेखांत खऱ्यापेक्षा थंड दिसतो आहे, असं २०२४ साली एका गटाने जमिनीवरच्या नोंदींशी ताडून मांडलं. जमीन एक सांगते आणि समुद्र दुसरंच, हे त्यांना खटकलं. फरक अंशाच्या पावभागाच्या आसपास. ही दुरुस्ती टिकली तर त्या तीस वर्षांचे समुद्राचे आकडे वर सरकतील आणि त्यानंतर १९४० पर्यंत झालेली वाढ, जी आजवर जरा कोड्यात टाकण्याइतकी मोठी दिसत होती, ती लहान होईल. १८५० पासूनची एकूण वाढ जवळपास आहे तिथेच राहील. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत त्या काळातल्या बादल्या कुठल्या जहाजावर कसल्या होत्या, हे हुडकण्याचं काम चालू राहणार, आणि त्या जहाजांच्या बऱ्याच वह्या तर अजून संगणकावर चढायच्याच आहेत.